धैर्यवानांची माती

गावाहून आलेल्या माणसाला आमच्या इमारतीत पहिला प्रश्न जिन्यातच विचारला जातो. प्रवास कसा झाला, आईची तब्येत कशी आहे, यंदा आंबा आहे का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच.

"माती आणलीत?"

विचारणारे तळमजल्यावरचे भाऊ धैर्यवान. हातातल्या बॅगा खाली ठेवायच्या आत आपण मुकाट्याने मातीची पिशवी काढून द्यायची. काजू, आमसुलं, फणसाची साटं असलं काही दिलंत तर भाऊ "अरे वा" म्हणून घेतात आणि दाराआडच्या स्टुलावर ठेवून देतात. मातीची पिशवी मात्र दोन्ही हातांनी घेतात. दारातच गाठ सोडतात, चिमूटभर माती तळहातावर चोळतात, नाकाशी नेतात आणि डोळे मिटतात. जिन्यात गर्दी झाली तरी चालेल. भाऊंचं निदान होईपर्यंत वर जायचं नसतं.

दुसऱ्या मजल्यावरचे सावंत मालवणचे. एका वर्षी ते माती आणायला विसरले आणि दादरला उतरल्यावर त्यांना आठवलं. सावंत डोकेबाज माणूस. वाट वाकडी करून ते शिवाजी पार्कात गेले, तिथली लाल माती रुमालात बांधली आणि आणून दिली. भाऊंनी हुंगली. पुन्हा हुंगली. मग रुमाल बांधून परत सावंतांच्या हातात ठेवला.

"सावंत, हिला क्रिकेटचा वास आहे. जिथून आणलीत तिथे टाकून या."

तेव्हापासून सावंत विसरत नाहीत. पुढच्या खेपेला ते गोव्याहून विमानाने आले. तपासणीच्या यंत्रात त्यांची बॅग अडली. शिपायाने पिशवी वर धरून विचारलं, "ये क्या है?" सावंत म्हणाले, "मिट्टी." "किसकी?" "गाँव की." शिपायाने पिशवी हळूच खाली ठेवली. सावंतांच्या घरात कोणीतरी गेलंय असं त्याला वाटलं असावं. हळू आवाजात म्हणाला, "ले जाइए, बाबा." सावंत त्या वेळी पंचेचाळीसचे होते. त्यांना 'बाबा' जास्त लागलं.

भाऊ विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. उंच, काटकुळे, सदा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आडनाव धैर्यवान, पण पालीला घाबरतात. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच उत्तर असतं: "आधी मातीचं बघा." जास्वंदीला कळी धरत नाही, आधी मातीचं बघा. पाण्याचा पंप बंद पडला, आधी मातीचं बघा, म्हणजे कुठेतरी मुळात बघा. माझा मुलगा सहामाहीला गणितात गटांगळ्या खाऊन आला, तेव्हा भाऊ त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे बघून म्हणाले, "रोपाचं काही नाही हो. आधी मातीचं बघा." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मुलाने त्या दिवसापासून भाऊंना देव मानलं.

त्यांचा खरा हंगाम संक्रांतीनंतर सुरू होतो. प्रभादेवीतल्या आमच्या गल्लीत थंडी पडते असं म्हणायचा प्रघात आहे. ती संपली की भाऊ मजल्यामजल्यावर फिरून वर्दी देतात, "रविवारी माती काढायची." मग आमच्या गॅलऱ्यांतल्या, खिडक्यांच्या जाळ्यांतल्या, जिन्यातल्या साऱ्या कुंड्या, पत्र्याचे डबे आणि फुटक्या बादल्या गच्चीवर जातात. भाऊ एकेक कुंडी आडवी करून तिच्या बुडावर थाप मारतात आणि झाड अलगद बाहेर काढतात. मुळांचा गुंता खुरप्याने सोडवतात, कुजलेली मुळं कापतात आणि झाडं ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या टाकीच्या सावलीत निजवतात. जुनी माती चादरींवर पसरून उन्हात घालतात. दोन दिवसांनी तिची ढेकळं फोडायची, ती चाळायची, तिच्यात शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळायची. चाळण जोशीकाकूंची. तिच्यातून शेवटचा गहू कधी चाळला गेला ते जोशीकाकूंनाही आठवत नाही.

याच सुमारास जोशीकाकूंचे बटाट्याचे पापडही गच्चीवर असतात. दुपारी चारला समुद्रावरून वारा सुटतो आणि माती पापडांकडे जाते.

"भाऊ, पापडांची काय दशा झालीये बघा!"

"काकू, तेवढंच लोह मिळेल."

त्या वर्षी काकूंनी त्यांना पापड दिले नाहीत. पुढच्या वर्षी दिले. मधल्या काळात काकूंच्या गॅलरीतला कढीपत्ता छातीइतका झाला होता.

मोगऱ्याची छाटणी मात्र बघवत नाही. आमचा मोगरा भाऊंनी पहिल्यांदा कापला तेव्हा माझी बायको देवळात गेली होती. परत येऊन बघते तर कुंडीत चार काटक्या. एक पान नाही. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊ कात्री पुसत शांतपणे म्हणाले, "वहिनी, खुशाल रडा. पण आठ दिवस त्याला पाणी देऊ नका." एप्रिलमध्ये त्या काटक्यांवर इतका मोगरा आला, की खालून जाणारी माणसं थांबून वर बघायची. बायकोने पहिला गजरा स्वतःच्या केसांत न माळता भाऊंच्या दाराच्या कडीला बांधला. दोन दिवस भाऊ मागच्या दाराने ये-जा करत होते.

आता गावच्या मातीचं. कुंड्या पुन्हा भरताना भाऊ प्रत्येकाच्या कुंडीत त्याच्या त्याच्या गावची मूठभर माती घालतात. सावंतांच्या झाडांना मालवणची, जोशीकाकूंच्या झाडांना गुहागरची, आमच्या झाडांना राजापूरची. यात चूक होऊ नये म्हणून पिशव्यांवर नावं असतात. याने झाडाला काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"झाडाला काही होत नाही," भाऊ म्हणाले, "झाडाला शेणखत लागतं."

"मग?"

"मग काही नाही. राजापूरची पिशवी द्या इकडे."

त्याच दुपारी चाळता चाळता मी सहज म्हणालो, "भाऊ, आणि तुमच्या कुंडीत कुठल्या गावची?"

"आमची? छे." भाऊंची चाळण थांबली नाही. "आम्ही इथलेच. खापरपणजोबाही इथलेच. माहीमला नारळाची वाडी होती म्हणे आमची. आमच्या गावाच्या डोक्यावर आता पेट्रोल पंप आहे." आणि हसले. मीही हसलो. चांगला विनोद आहे म्हणून मी तो ऑफिसातही सांगितला.

माती झाली, कुंड्या भरल्या, की शिमगा येतो आणि आमची इमारत ओस पडते. सावंत मालवणला, जोशीकाकू गुहागरला, आम्ही राजापूरला. जाताना सगळ्यांच्या किल्ल्या भाऊंकडे. नुकत्याच कुंड्या बदललेल्या असतात, त्यामुळे पाणी चुकून चालत नाही. भाऊ सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरात जाऊन पाणी घालतात. दहाबारा दिवसांनी आपण परत यावं तर झाडांना नवी पालवी आणि दारात भाऊ: "माती आणलीत?"

गेल्या वर्षी शिमग्यात माझ्या ऑफिसात काहीतरी पेटलं आणि मला एकट्याला परतावं लागलं. आमच्या दारी ग्रामदेवतेची पालखी यायच्या आदल्या रात्रीच मी निघालो आणि सकाळी परस्पर ऑफिस गाठलं. इमारतीत शिरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सगळीकडे शुकशुकाट. आमच्या दाराबाहेर भाऊंच्या चपला होत्या आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

पाणी घालत असतील म्हणून मी आत गेलो. भाऊ आमच्या गॅलरीत बसले होते. आपल्या घरची घडीची खुर्ची घेऊन. अंगात नवाकोरा शर्ट, भांग पाडलेला, मांडीवर स्टीलचा डबा आणि डब्यात पुरणपोळी. समोर आमची अबोली, मोगरा, तुळस ओळीने मांडलेली. मी बॅग ठेवली त्या आवाजाने ते दचकून उठले. पाल दिसल्यावरही एवढे दचकत नाहीत.

"तुम्ही? आज? पालखी तर आज तुमच्याकडे यायची आहे ना?"

"ऑफिस," मी म्हणालो. "पण भाऊ, उठू नका. बसा. आणि खुर्ची का आणलीत खालून? इथे आहेत की."

"तुम्हांला विचारलं नव्हतं ना बसण्याबद्दल." डब्याचं झाकण लावायला त्यांनी फार वेळ घेतला. मग खाली बघत म्हणाले, "पाणी घालून झालं होतं. परवा मी सावंतांकडे होतो, मालवणला. काल काकूंच्या गुहागरला. आज तुमच्याकडे... म्हटलं, पालखीचा दिवस आहे, जरा नीट जावं."

माझा ऑफिसात सांगितलेला विनोद आठवून कान गरम झाले.

"पुढच्या शिमग्याला आमच्याबरोबरच चला," मी म्हणालो. "खरंच. आईला केवढा आनंद होईल."

"आणि ही? कुंडी बदललेलं झाड आहे हो. दहा दिवस त्याला एकटं ठेवायचं नसतं."

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा व्हिडिओ कॉल. पालखी आमच्या अंगणात आली होती. ढोलाच्या आवाजात तिला माझं काही ऐकू जात नव्हतं, तिने सरळ फोन अंगणाकडे फिरवला. मी भाऊंपुढे धरला. खांद्यांवर पालखी नाचत होती, मागे आमच्या कौलारू पडवीचं टोक, खाली लाल माती पायांनी उडत होती. भाऊ उभे राहिले. पायांत चपला नव्हत्याच, तरी त्यांनी एकदा खाली बघून खात्री केली आणि हात जोडले.

फोनमध्ये मग माझी आई आली. ती पावसाळ्यात आमच्याकडे असते, तेव्हा तिची आणि भाऊंची गावच्या गप्पांची रोजची बैठक, एरवी फोनवर.

"कोण, भाऊ का? अहो, कधी येताय? नुसती माती मागवता!"

"येतो," भाऊ म्हणाले. "येतो हो."

फोन बंद झाला. भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला, डबा उघडला आणि अर्धी पुरणपोळी माझ्यापुढे केली.

"बसा. आत्ताच आलात ना गावाहून? होळीच्या होमाला कोण कोण होतं ते सांगा."

मी आतून खुर्ची आणली आणि बसून सांगू लागलो. होळीचं झाड कोणी तोडलं, कुठल्या वाडीचा मान होता, नारळ कोणी दिला. शेजारच्या गणूकाकांची मोठी सून ओवाळायला आली होती म्हटल्यावर भाऊंनी हात वर करून मला थांबवलं.

"मोठी नव्हे, धाकटी. मोठी पुण्याला असते, तिला यंदा दिवस गेलेत."

मी नीट आठवून पाहिलं. धाकटीच होती.