तीन रिकाम्या खेपा

एका जंगलात, बाळांनो, एकच जीप होती. दवाखाना घाटापलीकडे, म्हणून आजारी जनावरांना न्यायला ही जीप. तिची देखभाल बाबल मिस्त्री करायचा. बाबल म्हणजे खवले मांजर. बोलायचा कमी, त्यामुळे त्याला काही कळत नाही असं वरच्यांचं ठाम मत होतं.

वाघमहाराजांनी जीपच्या पाहणीसाठी कोल्हेसाहेबांना नेमलं. साहेबांनी जन्मात इंजिन पाहिलं नव्हतं. म्हणून तर नेमलं.

बाबलने इंजिन उघडलं. "हे चार पिस्टन, साहेब. प्रत्येकजण आपल्या नळकांड्यात वर-खाली करतो. पहिल्या खेपेला खाली येताना हवा-पेट्रोल आत ओढतो. दुसरीला वर जाऊन ते दाबतो. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. त्या जोरावर चाकं फिरतात. चौथीला वर येताना धूर बाहेर."

"म्हणजे जोर फक्त तिसऱ्या खेपेला?"

"होय, साहेब."

"आणि बाकी तीन खेपा हा नुसता हजेरी लावतो. असले चार-चार पोसताय तुम्ही?"

"आत घेतलंच नाही तर जाळायचं काय, साहेब?"

"ते तुम्ही बघा. आम्ही धोरण ठरवतो."

हुकूम निघाला: रिकाम्या खेपा बंद. हवा आत यायचं आणि धूर बाहेर जायचं, अशी दोन्ही भोकं सीलबंद झाली. बाबलने हात जोडले, विनवण्या केल्या. हुकुमाखाली सही मात्र त्याचीच घेतली. साहेबांच्या गळ्यात हार पडला.

आठवड्याभरात सगुणा हरिणी बाळंतपणात अडली. तिला जीपमध्ये निजवलं. बाबलने किल्ली फिरवली. जीप खोकलीसुद्धा नाही.

बाबल पान्हा घेऊन सील तोडायला धावला. साहेब आडवे आले. "महाराजांच्या परवानगीशिवाय नाही. आणि महाराज जेवायला बसलेत."

काय जेवत होते ते विचारू नका.

"मग तिला पाठीवरून नेतो," सांबर म्हणालं.

"रुग्ण जीपमधूनच न्यायचा असा नियम आहे," साहेब म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

मग सांबरं, रानडुकरं आणि बाबल, सगळ्यांनी मिळून जीप घाटात ढकलायला घेतली. तिसऱ्या वळणावर सगुणा गेली. पोटातलं पाडसही गेलं. हे सांगताना माझं डोकं अजून तापतं. साहेबांचं तापलं नाही. ते वहीत लिहीत होते.

अहवाल दुसऱ्या दिवशी महाराजांपुढे गेला. त्यात म्हटलं होतं: 'जीपमधल्या रिकाम्या खेपा पूर्णपणे बंद करण्यात यश आले आहे. मात्र ढकलणारे कर्मचारी वारंवार श्वास आत घेताना आढळले. त्या वेळात त्यांच्याकडून जोर लागत नाही. सबब, श्वास आत घेण्यास मनाई करावी.'

महाराजांनी शेरा मारला, 'मंजूर'. सहीसाठी कागद बाबलकडे पाठवला.

तात्पर्य: बाळांनो, इंजिन कसं चालतं हे चुकूनही शिकू नका. ज्याला कळतं त्याला गाडी ढकलावी लागते. ज्याला कळत नाही त्याला पुढची सीट मिळते.