सासुरवाडीचा ऑफसाइड

"फुटबॉलचे नियम कोणाला ठाऊक आहेत?" असं मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तेव्हा मी फक्त मान वर केली होती. तीही खिडकीत कावळा ओरडला म्हणून. पण रिसोडच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकुनानं साहेबांसमोर मान वर करणं म्हणजे होकारच.

"वा, शालिग्राम! मग रेफरी तुम्हीच!"

तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण उमेदीच्या काळात मी अमरावतीला मामांकडे राहून शिकत (म्हणजे नापास होत) होतो, आणि मामांच्या घरामागेच हायस्कूलचं मैदान होतं. पुस्तकापेक्षा खिडकीतून मी फुटबॉलच जास्त शिकलो. तेवढ्या भांडवलावर मी बोलून गेलो, "ऑफसाइडसकट सगळं येतं, साहेब."

साहेबांनी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि मग सांगितलं की संक्रांतीनंतरचा हा सामना आपलं जिन विरुद्ध केनवड असा आहे.

केनवड म्हणजे माझी सासुरवाडी.

घरी आलो तर बातमी माझ्या आधीच पोचलेली. मनकर्णा, म्हणजे माझी बायको, चुलीपुढून उठून दारातच उभी होती. तिचा धाकटा भाऊ जगदेव केनवडचा फॉरवर्ड होता. शेतात कमी आणि चेंडूमागे जास्त, अशी त्याची ख्याती असल्यामुळे त्याचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. आता कुठे आसेगावचे रामराव आपल्या पोरीसाठी त्याला पाहायला तयार झाले होते, आणि पाहायला येणार होते तेही नेमके सामन्यालाच. 'घरात बसवलेला पोरगा कसाबी गरीब दिसते, धावता पाहू द्या,' असा त्यांचा निरोप होता.

"आयकलं का," मनकर्णा म्हणाली, "जगदेवचा गोल झाला पाह्यजे."

"मनकर्णा, रेफरीला नातंगोतं नसतं."

"नसते? मंग सामना झाल्यावर जेवाले कोनाच्या घरी जानार तुमी?"

मी गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी जिनात साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "शालिग्राम, आपल्या जिनाची इज्जत तुमच्या शिट्टीत आहे, बरं का," म्हणाले आणि एक डोळा बारीक करून निघून गेले. झालं! तेव्हापासून माझं बूड कुठे टिकेना. खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं ते सुचेना. जेवताना भाकरी तशीच ताटात ठेवून मी अंगणात येरझारा घाली. एका सकाळी जरा सराव करावा म्हणून घरामागे जाऊन जीव खाऊन शिट्टी फुंकली. शेजारच्या गोजराबाई तेव्हाच म्हैस पिळत होत्या. म्हशीनं बादलीला अशी लाथ घातली की दूध थेट आमच्या कुंपणापर्यंत आलं.

"रिसोडात कुठची आली बाप्पा रेल्वे!" गोजराबाई ओरडल्या.

भरपाई म्हणून आमच्या घरचं सगळं दूध त्यांच्याकडे गेलं. मला मनकर्णानं कोरा चहा दिला, आणि तोही लांबून सरकवून.

येरझारा घालता घालता मी एक मात्र ठरवलं. कायदा म्हणजे कायदा. साहेब नाहीत, सासरा नाही, बायकोही नाही. (शेवटचं मनातल्या मनात, हळू आवाजात ठरवलं.)

सामन्याच्या दिवशी जिनामागच्या मैदानावर ही गर्दी! चुन्याच्या रेघा सकाळीच ओढलेल्या, अजून ओल्या होत्या. एका बाजूला साहेब. दुसऱ्या बाजूला माझे सासरे नानाजी खुर्चीवर, नवा फेटा बांधून, आणि शेजारी मिशीवरून हात फिरवत रामराव. त्यांच्यामागे पडदा लावलेली दमणी, आणि बैल सोडलेल्या त्या गाडीच्या पडद्याच्या फटीतून माझ्यावर रोखलेला मनकर्णाचा एक डोळा. मी साहेबांची जुनी हाफपँट घातली होती. ती साहेबांना हाफ असली तरी मला पाऊण होत होती, आणि कमरेला तर दीडपट. तेव्हा एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात पँट, असा मी धावत होतो.

बराच वेळ गोल कोणाचाच होईना. चेंडू थांबला तरी मी थांबेना. एकदा तर चेंडू बाहेर गेलेला असताना मी एकटाच मैदानाला फेरी मारून आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपत आला आणि नको तेच झालं. केनवडच्या गड्यानं मधल्या रेघेवरूनच लांब किक मारली. जगदेव आधीच पुढे जाऊन आमच्या गोलाजवळ उभा होता आणि त्याच्यापुढे फक्त गोलकीपर. आमच्या जिनाचा दरवान भाऊसिंग बॅकला खेळत होता. चेंडू अडवायला त्यानं झेप घेतली, धुरळा उडाला, चेंडू पलीकडे जगदेवच्या पायात, आणि तिथून गोलात!

केनवडची टोपी न् टोपी हवेत गेली. तेवढ्यात शिट्टी वाजली. कोणी वाजवली म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर ती माझ्याच तोंडात होती.

"ऑफसाइड! गोल नाही!"

नानाजी खुर्ची सोडून थेट मैदानात आले. "काहून हो, जवाईबापू? गोल काहून नाई?"

"मामाजी," मी सासऱ्यांना म्हटलं, "नियम आहे. चेंडू मारला तेव्हा त्याच्यापुढे समोरच्या संघाची निदान दोन माणसं पाहिजे होती."

"दोन? अजी, गोलाच्या मांगं अर्धं रिसोड उभं हाय, ते दिसून नाई राह्यलं तुमाले?"

"ती माणसं चालत नाहीत, मामाजी. खेळणारी पाहिजेत."

मागोमाग रामरावही आले. "जरा समजावून सांगा बुवा. पोरानं चूक काय केली?"

मी घाईघाईत समजावलं, "तो सगळ्यांच्या पुढे जाऊन गोलाजवळ उभा राहिला, चेंडू येईल म्हणून."

"म्हंजे दुसऱ्यानं आनून द्याव आन् यानं वाट पाहत उभं राहाव?" रामरावांनी मान हलवली. "आयकलं होतं तसंच दिसते पोरगं."

नानाजींचा चेहरा पडला. जगदेव तर मातीकडे पाहू लागला. पडद्याच्या फटीत आता मनकर्णाचे दोन्ही डोळे आले होते. पोराचं लग्न मी एका वाक्यात मोडलं होतं! पण नियम नियमच होता.

इतक्यात केनवडवाले ओरडू लागले, "भाऊसिंग हुकला! भाऊसिंग हुकला!"

भाऊसिंगला सगळं सहन होई, पण हे नाही. तो तरातरा माझ्याकडे आला. "शालिग्रामबाबू, भाऊसिंग हुकत नसते! बॉल माह्या गुडघ्याले लागूनच तिकडं गेला."

"भाऊसिंग, गप्प बस!" मॅनेजरसाहेब बाहेरून किंचाळले.

"गप काहून बसू, साहेब? इज्जतीचा सवाल हाय! हे पाहा!" त्यानं पाय उचलून गुडघा सगळ्या मैदानाला दाखवला. ओल्या रेघेवरून आलेल्या चेंडूनं त्याच्यावर चुन्याचा पांढरा ठसा उमटवला होता, गोल गरगरीत.

मला घाम फुटला. कारण त्या वेळच्या नियमात हेही होतं की चेंडूला शेवटचा स्पर्श समोरच्या गड्याचा झाला, तर ऑफसाइड धरायचा नाही. गोल खरा होता! शंभर टक्के, कायदेशीर! आणि तो आता मी द्यायचा होता माझ्या साळ्याला, माझ्या साहेबांसमोर, एकदा नाही म्हटल्यावर.

मी साहेबांकडे पाहिलं. ते मान आडवी हलवत होते. मी डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली.

"गोल!"

पुढचा गलका मला नीट आठवत नाही. जिनाचे लोक 'सासुरवाडी! सासुरवाडी!' म्हणून ओरडत होते. सामना केनवडनं जिंकला. "शालिग्राम, उद्यापासून तुम्ही गोदामात, सरकीवर," एवढंच बोलून साहेब निघून गेले. तरी माझी मान ताठ होती. नियमासाठी मी साहेबांनाही भ्यालो नव्हतो. ऐन मैदानात स्वतःची चूक सुधारायला छाती लागते!

तसाच छाती काढून (आणि पँट धरून) मी दमणीपाशी गेलो. तिथे नानाजी आणि जगदेव हात जोडून उभे होते. रामराव म्हणत होते, "पक्कं समजा, नानाजी. पोरगी दिली."

नानाजींचा विश्वास बसेना. "पोरगा आवडला म्हना की, रामराव!"

"पोराचं काय सांगू आताच? पन तुमचा हा जवाई पाह्यला," रामरावांनी माझ्याकडे बोट केलं, "आन् जीव भांड्यात पडला. नोकरीची पर्वा नाई, लोकाइची लाज नाई, बायकोच्या भावासाठी साऱ्या गावापुढं शब्द फिरवला! ज्या घरच्या पोरी नवऱ्याले इतकं धाकात ठेवतात, त्या घरात माह्या पोरीले वळन चांगलंच लागन."

मी उसळलो. "अहो, बायकोचा काय संबंध? चेंडू भाऊसिंगच्या गुडघ्याला—"

पडद्यामागून मनकर्णा नुसती खोकली.

मी तोंड मिटलं.

"पाह्यलं?" रामराव नानाजींना म्हणाले.