सर्जा ॲपचं भूमिपूजन

"तुमचा युजर कोण?" यशोधराने विचारलं.

काकासाहेबांनी दचकून बायकोकडे, केशरबाईंकडे पाहिलं. आपलं असं कुणी असल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

"म्हणजे काका, ॲप वापरणार कोण?"

"हां, असं व्हय! अख्खं कोल्हार वापरंल की."

"बरं. मग कोल्हारची आत्ता अडचण काय आहे?"

"अडचण कसली? फोन लावत्यात, मी ट्रॅक्टर धाडतो."

"मग ॲप कशाला हवंय?"

काकासाहेब उत्तर देणार तेवढ्यात शेडच्या पत्र्यावरून मधमाश्यांचं मोहोळ जावं तसा आवाज गेला. पलीकडच्या आप्पासाहेबांचा फवारणीचा ड्रोन उसावर निघाला होता. काकासाहेबांनी मान वर केली नाही, नुसतं बोट वर केलं.

"ह्याच्यासाठी," ते म्हणाले.

काकासाहेबांचं आणि आप्पासाहेबांचं रान एकाच बांधाला लागून. दोघं शाळेत एका बाकावर बसले होते. पुढे आप्पासाहेबांच्या मुलीच्या लग्नात माइकवरून सत्काराची नावं पुकारली गेली, तेव्हा काकासाहेबांचं नाव मांडववाल्याच्या नंतर आलं. मांडववाला नगरचा, म्हणजे गावचाही नाही. काकासाहेबांनी टॉवेल-टोपी घेतली, जेवले, आणि त्या दिवसापासून त्यांचा ट्रॅक्टर आप्पासाहेबांच्या रानात गेला नाही. आप्पासाहेब माती भुसभुशीत करायचा रोटावेटर लांबून, दुसऱ्या गावाहून मागवत. तो काकासाहेबांच्या दारावरूनच जाई, आणि दोन्ही घरं त्या वेळी दुसरीकडे बघत.

त्यात आप्पासाहेबांनी ड्रोन आणला. बघायला पंचक्रोशी लोटली. लोक तोंडं उघडी टाकून वर बघत होते आणि अंगावर औषधाचे शिंतोडे पडले तरी कुणी तक्रार केली नाही. तेव्हाच काकासाहेबांनी ठरवलं, आपल्याकडेही लोकांची तोंडं उघडी पडतील असं काहीतरी पाहिजे. पुतण्याने ओळखीतल्या यशोधराचं नाव सुचवलं. ती पुण्यातली नोकरी सोडून नगरला सावेडीत स्वतःचं ऑफिस थाटून बसली होती. हुशार मुलगी. दोष एकच, तिला प्रत्येक कामाआधी विचार करायची सवय होती.

"वापरणारा कोण आणि त्याचं अडतंय कुठे, हे कळल्याशिवाय मी कोडची एक ओळ लिहिणार नाही," तिने सांगितलं. "निम्मी ॲपं इथेच मरतात. आधी प्लॅनिंग. मग कागदावर चाचणी. डेव्हलपमेंट सगळ्यात शेवटी."

"झकास! पण त्याच्या आधी भूमिपूजन."

"कशाचं?"

"ॲपचं."

"काका, ॲपला भूमी नसते."

"पुलाला तरी कुठं असती? त्याला नदी असती. तरी नारळ फुटलाच ना?" काकासाहेब म्हणाले. "रस्ता म्हना, टाकी म्हना, सभामंडप म्हना, आपल्याकडं नारळ आधी. काही कामांचं तर नारळावरच भागलंय."

या युक्तिवादाला कॉम्प्युटर शास्त्रात उत्तर नव्हतं. ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं म्हणजे होकार हे कोल्हारमध्ये लग्नापासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे चालतं. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स छापायला गेला. 'सर्जा ॲप : भव्य भूमिपूजन सोहळा'. सर्जा हा काकासाहेबांचा जुना बैल. आयुष्यात त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पाहुणे म्हणून कारखान्याचे एक माजी संचालक ठरले. निमंत्रितांत आप्पासाहेबांचं नाव होतं, अगदी शेवटी, मांडववाल्याच्या नंतर.

यशोधरा पुढच्या खेपेला पुठ्ठ्याचा मोबाईल घेऊन आली. हाताएवढा पुठ्ठा, त्याला खिडकी, आणि मागून सरकवायच्या कागदी पट्ट्या. पहिल्या पट्टीवर यंत्रांची चित्रं. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की यशोधरा मागून दुसरी पट्टी सरकवी : 'रान कोणाचे?' मग तिसरी : 'ट्रॅक्टर येत आहे. कृपया बांधावर थांबा.' आणि जास्तीची एक : 'क्षमस्व. सध्या ट्रॅक्टर उपलब्ध नाही.'

केशरबाईंनी भीतभीत रोटावेटरच्या चित्राला बोट लावलं. पट्टी बदलली. त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"अगं बाई! ह्याला कसं कळलं?"

"काकू, मीच सरकवली."

"ते दिसलं गं मला. पन ह्याला कसं कळलं?"

आयुष्यभर लोकांना दहा-दहादा सांगून काम होत नाही, आणि इथे पुठ्ठ्याला बोट लावताच पुढचं पान उघडतं, हे पाहून त्या खरोखर थक्क झाल्या होत्या. पुठ्ठ्याच्या मागे कोण आहे हा प्रश्न त्यांच्या लेखी किरकोळ होता.

काकासाहेबांना मात्र हा मोबाईल सोहळ्यात दाखवायला लहान वाटला. "मागच्या खुर्च्यांना काय दिसनार?" म्हणून त्यांनी नव्या फ्रीजचं खोकं काढलं. त्यावर फ्लेक्सवाल्याने मापाचा मोबाईल छापून चिकटवला. माणसापेक्षा उंच. मधोमध खिडकी, तिच्यात आतून सरकवायच्या हातभर रुंद पट्ट्या. शेडच्या मध्यभागी तो उभा केला तेव्हा खुद्द यशोधरा दोन पावलं मागे सरली. पुण्यातल्या कंपनीत तिने बरंच पाहिलं होतं, पण एवढा स्क्रीन पाहिला नव्हता.

आता त्या खोक्यात कुणीतरी बसणं भाग होतं. ठरला ड्रायव्हर सहादेव. पण मग ॲपने बोलावलेला ट्रॅक्टर कोण चालवणार? म्हणून सहादेव बाहेर, फाट्यावर, ट्रॅक्टरवर. आतून त्याला फोन जायचा. यशोधरा माइकवर. केशरबाईंना आरतीचं ताट. बाकी कुणाला बसवावं तर गावभर बोभाटा. सोहळ्याच्या दिवशी, पाहुण्यांची गाडी वळणावर दिसल्यावर सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की उरलं कोण.

"मी?" काकासाहेब किंचाळले. डोक्याला फेटा होता. "माझाच सोहळा आन् मीच खोक्यात?"

"काका, पाचच मिनिटं," यशोधरा म्हणाली आणि त्यांना फेट्यासकट आत घालून तिने मागून झाकण लावलं.

शेड भरली. आप्पासाहेब आले, दुसऱ्या रांगेत बसले, आणि पुढच्या अजस्र मोबाईलकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं. काकासाहेबांनी पट्टीच्या फटीतून ते पाहिलं आणि आतल्या आत सुखावले. याच क्षणासाठी सगळा खटाटोप होता. खेद एवढाच की तो क्षण बघणारा माणूस कुणाला दिसत नव्हता.

संचालकांनी नारळ हातात घेतला आणि थांबले. "यजमान कुठंयत? काकासाहेबांचा सत्कार झाल्याशिवाय मी नारळ फोडनार न्हाई."

सगळे केशरबाईंकडे बघू लागले. त्यांनी यशोधराच्या बोलण्यातला आठवेल तो शब्द उचलला.

"ते सर्व्हरला गेलेत."

माना आदराने हलल्या. "कुठं आलं हे?" मागे कुणीतरी कुजबुजलं. "लोनीच्या पुढं असंल," दुसऱ्याने सांगितलं.

"कामाचा मानूस," संचालक म्हणाले. "पन आनलेली शाल परत न्यायची नसती. बांधाला बांध लागून कोन हाय त्यांच्या? आप्पासाहेब ना? या, तुमीच घ्या त्यांच्या वतीनं."

खोक्यातून एक बारीक आवाज आला, उंदीर चेपल्यासारखा. तो टाळ्यांत बुडाला. ज्या माणसामुळे आपला मान मागे पडला, त्याच्याच खांद्यावर आपली शाल पडताना काकासाहेबांनी फटीतून पाहिली. शाल चांगली होती. रंग त्यांनी स्वतः निवडला होता.

नारळ फुटला. आता बटण दाबायचं. संचालकांनी खिडकीसमोर बोट नेलं आणि मागे घेतलं. "आपल्याला ह्यातलं कळत न्हाई बुवा. आप्पासाहेब, तुमी ड्रोनवाले. दाबा तुमीच."

आप्पासाहेब पुढे झाले. फटीतून काकासाहेबांना आता फक्त त्यांचं बोट दिसत होतं. ते चित्राजवळ येऊन अडखळलं. ड्रोन उडवणारा माणूस पुठ्ठ्यापुढे असा हळवा होईल, असं काकासाहेबांना वाटलं नव्हतं. बोट रोटावेटरवर टेकलं. काकासाहेबांनी पट्टी बदलली. शेडमधून "आऽऽ" असा आवाज उठला. पुढच्या रांगेतल्या राहीबाईंनी खोक्याला हात जोडले.

"'रान कोणाचे?'" यशोधराने माइकवर वाचलं. ठरल्याप्रमाणे इथे केशरबाईंच्या भावाचं नाव यायचं होतं. तो बिचारा बांधावर जाऊन उभाही राहिला होता.

आप्पासाहेबांनी आधी मागे वळून रांगांकडे पाहिलं. मग खिडकीच्या अगदी जवळ तोंड नेऊन, जत्रेत देवापुढे नवस बोलावा तसं, हलक्या आवाजात म्हणाले, "माझं. सोयाबीन निघालंय. गहू खोळंबलाय. बाहेरचा रोटावेटरवाला यंदा न्हाई म्हनला."

खोक्यात काकासाहेबांच्या एका हातात 'ट्रॅक्टर येत आहे' होती आणि दुसऱ्या हातात 'क्षमस्व'. अंधार होता, घामाने फेटा ओला झाला होता, आणि इतक्या वर्षांत प्रथमच हा माणूस त्यांच्याकडे काहीतरी मागत होता. त्यांच्याकडे म्हणजे, सर्जाकडे. 'क्षमस्व' ही पट्टी या माणसासाठीच जन्मल्यासारखी वाटत होती. पण ती वर गेली असती तर भर सोहळ्यात ॲपचा पहिलाच शब्द नकाराचा ठरला असता. शिवाय सर्जाने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

काकासाहेबांनी एक पट्टी सरकवली.

"'ट्रॅक्टर येत आहे,'" यशोधराने वाचलं. "'कृपया बांधावर थांबा.'"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकासाहेबांनी आतून सहादेवला फोन लावला, कुजबुजत रान सांगितलं आणि ठेवला. टाळ्या थांबल्या. आणि त्या शांततेत मोबाईलच्या पोटात मोबाईल वाजला. सहादेवचा आपल्या कानांवर विश्वास नव्हता.

"मालक, कुनाच्या रानात म्हनला?"

"आप्पाच्या!" खोकं दबक्या आवाजात म्हणालं.

"आप्पाच्या? तब्येत बरी हाय ना?"

"जा म्हनतो ना तुला!" खोकं ओरडलं.

पुढच्या दोन रांगा खुर्च्यांवरून उठल्या. मग राहीबाई म्हणाल्या, "बोलतं बी!"

"आवाज हुबेहूब काकासाहेबांचा भरलाय," संचालक भारावून म्हणाले. "राग सुद्धा त्यांचाच. काय हो ही टेक्नॉलॉजी!"

तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत गेला आणि वळून खरोखर आप्पासाहेबांच्या रानात शिरला. लोक बांधापर्यंत धावले. इतक्या वर्षांत न वळलेलं चाक पुठ्ठ्याला बोट लावल्यावर वळलं, हा चमत्कार ड्रोनपेक्षा मोठा होता, आणि तो प्रत्येकाला समजत होता. शेडमध्ये उरल्या यशोधरा आणि केशरबाई. दोघींनी मिळून झाकण काढलं.

"काका," यशोधरा म्हणाली, "युजर सापडला. ज्याला तुम्हाला फोन लावता येत नाही, तो."

काकासाहेबांनी फेट्याने तोंड पुसलं. "माझी शाल नेली त्यानं," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब शेडमध्ये खुर्च्या मोजून टेम्पोत चढवत होते. तेवढ्यात आप्पासाहेब एकटेच येताना दिसले. समोरासमोर काय बोलायचं हे काकासाहेबांना सुचेना. त्यांना एकच जागा सुचली. ते खोक्यात शिरले.

आप्पासाहेब मोबाईलसमोर येऊन उभे राहिले. कुठलंही बटण त्यांनी दाबलं नाही. घसा साफ केला.

"रान झकास झालं," ते खोक्याला म्हणाले. "आनखी एक. त्या लग्नात मी नाव पहिलंच दिल्तं. माइकवाल्या पोऱ्यानं घोळ घातला. दुसऱ्या दिशी सांगायला निघाल्तो, पन तुमी तोंड फिरवलं, मग मी बी फिरवलं. आन् फिरवलं ते फिरवलंच."

मग त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली, घडी केलेली शाल काढली आणि खिडकीच्या फटीतून हळूच आत सरकवली. आतून कुणीतरी ती घेतली. आप्पासाहेबांना त्याचं काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आत उकडत असंल," ते म्हणाले. "वरून दोन भोकं पाडून घ्या."

आत काकासाहेब अंधारात पट्ट्या चाचपत होते. पण अशा प्रसंगासाठी प्लॅनिंगमध्ये एकही पट्टी नव्हती. शेवटी हाताला लागली ती त्यांनी वर सरकवली : 'ट्रॅक्टर येत आहे. कृपया बांधावर थांबा.'

आप्पासाहेबांनी ती सावकाश वाचली.

"थांबतो," ते म्हणाले, आणि जाऊन खरंच बांधावर उभे राहिले.

यशोधराचा फोन आला तेव्हा काकासाहेब खोक्यातच होते, शाल पांघरून.

"काका, चाचणी एकदम यशस्वी. आता डेव्हलपमेंट सुरू करू ना?"

"इतक्यात नको, ताई. एक स्क्रीन राहिलाय."

"कोणता?"

काकासाहेबांनी फटीतून बांधाकडे पाहिलं.

"'आत या. चहा टाकलाय,'" ते म्हणाले. "तोवर मी तोंडीच सांगून येतो."