न वाजणाऱ्या गजराविषयी विधायक चर्चा

सौजन्याने माणसाचे कधीच नुकसान होत नाही. झालेच, तर ते सौजन्याने सांगता येते. गजराचे मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळात चर्चा विधायक ठेवण्याची जबाबदारी एका विमा एजंटाकडे होती आणि त्याचा यावर गाढ विश्वास होता. पोटासाठी तो दिवसभर लोकांशी त्यांच्या मृत्यूविषयी गोड बोलत असे. मंडळाचे काम तो फुकट करी.

एके दिवशी एका नर्सबाईंनी मंडळाला लिहिले : 'फोन चार्जिंगला लावला की गजर वाजत नाही. दुरुस्ती करून सोबत जोडली आहे.'

एजंटाला वाईट वाटले. ना नमस्कार, ना विचारपूस. शिवाय हा गजर ज्यांनी लिहिला होता ते मंडळातले ज्येष्ठ, सगळ्यांचे दादा, फार मनाला लावून घेत. त्याने संदेश नियमावलीसह परत पाठवला : आधी कौतुक, मग अपेक्षा, शेवटी आभार. बाईंनी पुन्हा लिहिले, 'नमस्कार. गजर वाजत नाही. धन्यवाद.' सुधारणा होती, पण 'नाही' हा शब्द नकारात्मक असल्याने तोही परत गेला. त्यावर बाईंचे उत्तर आले नाही (त्यांची ड्यूटी होती). तेव्हा एजंटाने मोठ्या मनाने स्वतःच मजकूर करून दिला : 'चार्जिंगच्या काळात आपला गजर विश्रांती घेतो, हे पाहून आनंद झाला.'

चर्चा अत्यंत विधायक झाली. कुणीही आवाज चढवला नाही (गजरानेही नाही). दादांना भरून आले. विश्रांती ही नवी सोय म्हणून जाहीर झाली. दुरुस्ती मात्र स्वीकारता आली नाही, कारण ती स्वीकारली असती तर काहीतरी बिघडले होते असा अर्थ निघाला असता.

एजंटाची बायको बस चालवायची. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. एका सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन पलंगापर्यंत पोचले होते आणि पहिली बस डेपोत उभीच होती. पुन्हा असे झाले तर घरी बसा, असे साहेबांनी तिला सुनावले. (साहेबांनी नियमावली वाचलेली नव्हती.)

घरी येऊन ती म्हणाली, "तुमच्या मंडळाचा गजर वाजला नाही आज."

"असं एकदम म्हणू नये," एजंट म्हणाला. "आधी काय आवडलं ते सांगावं."

तिने जरा विचार केला. "झोप छान लागली. नोकरी गेली की रोज लागेल."

ती हातपाय धुवायला गेली तेवढ्यात एजंटाने नर्सबाईंची दुरुस्ती गुपचूप तिच्या फोनमध्ये घातली. दुसऱ्या दिवशी फोन चार्जिंगला असतानाच गजर असा बोंबलला की शेजारीही उठून बसले. ती पुन्हा कधी उशिरा गेली नाही. यथावकाश कायमही झाली.

हे मंडळाला कळवलेच पाहिजे, म्हणून एजंट लिहायला बसला. नमस्कार लिहिला. दादांचे कौतुक लिहिले. आभारही लिहून झाले. मधली जागा मात्र काही केल्या भरेना. शेवटी त्याने ती तशीच कोरी ठेवून संदेश पाठवला.

तीनशे सदस्यांनी त्याखाली अंगठा उठवला.

वाचकांनी आपण या मंडळात नाही असे समजून निश्चिंत होऊ नये. सकाळपासून आपणही बऱ्याच संदेशांखाली अंगठा उठवला असेल. त्यांतल्या एखाद्यात काय लिहिले होते, तेवढे आठवून पाहावे.