सगळ्यांचं येऊ द्या

माणसानं घरजावई खुशाल व्हावं, पण गरम जेवणाची आशा धरू नये. चष्म्याच्या दुकानात काम करणारा आपला हा जावई नऊ वर्षं गार जेवत होता. सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय आणि त्यांनी स्वतः "हं, करा सुरुवात" म्हटल्याशिवाय घरात कोणी घास उचलायचा नाही. ऐन वेळी सासूबाईंना मीठ आठवायचं, मेहुणीचा फोन यायचा, आणि जावयाच्या ताटातली वाफ निघून जायची.

म्हणून दर बुधवारी दुपारी तो गुपचूप गल्लीतल्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या जपानी नूडल्सच्या दुकानात जायचा. आठ स्टुलं, एक लांब फळी आणि पलीकडे तिरसट आचारी. एका वेळी दोनच वाडगे करायचा. वाडगा आला की लगेच खायचा. नूडल्स फुगू दिल्या तर आचारी वाडगा उचलून न्यायचा, वर चार शब्द सुनवायचा. पण स्वस्त, कढत, आणि कोणासाठी थांबायचं नाही! जावयाचा सगळा आठवडा त्या एका वाडग्यावर निघायचा.

शेवटी शर्टावरच्या डागानं घात केला.

"कोणाबरोबर जेवता हो बुधवारी?" बायकोनं विचारलं.

"एकटाच."

"एकटे? आणि आम्ही काय मेलोय?"

झालं! पुढच्या बुधवारी पाच जणांची वरात दुकानात. पहिले दोन वाडगे सासू-सासऱ्यांसमोर आले.

"खा लगेच," आचारी म्हणाला.

सासऱ्यांनी हात मांडीवर ठेवले. "मुलींचं येऊ द्या."

मुलींचं आलं. "आता जावईबापूंचं येऊ द्या."

आचाऱ्यानं पहिल्या दोन वाडग्यांत डोकावून पाहिलं. "फुगल्या! अशा मी कोणाला खाऊ देत नाही." वाडगे उचलले आणि दोन नवे करायला घेतले. ते येईपर्यंत मुलींचे फुगले. ते नेले. तेवढ्यात सासऱ्यांचे पुन्हा फुगले.

"बाबा, तुम्ही सुरुवात करा ना! इथे चालतं," जावई काकुळतीला आला.

"इथे चालत असेल. आपल्यात नाही चालत."

"अहो, मग पाच एकदम करा!" त्यानं आचाऱ्याला विनवलं.

"दोन म्हणजे दोन. अकरा वर्षं दोनच करतोय."

दोन्ही बाजूंनी सारखेच हट्टी, आणि मधल्यामधे जावयाचा जीव जातोय! त्याच्यासमोर तर अजून एकही वाडगा आला नव्हता. बाहेरच्या रांगेतली माणसं काचेला नाक लावून बघत होती. "यांचं बारसं आहे का आत?" कोणीतरी ओरडलं.

चौथ्या खेपेला आचाऱ्यानं दात ओठ खात माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. घामाघूम होऊन पाच वाडगे एकदम फळीवर आदळले. "घ्या! सगळ्यांचं आलं!"

वाफेनं जावयाचा चष्मा धुरकटला. त्याला खरोखर भरून आलं. सासऱ्यांनी एकेक वाडगा मोजला, "हं" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले.

"आणि तुमचं?"

"माझं काय?" आचारी बावचळला.

"ज्यानं रांधलं त्यानं उपाशी उभं राहायचं आणि आम्ही जेवायचं? तुम्ही जेवलात का?"

आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. फणकारा कुठल्या कुठे गेला. "नाही," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून वेळच नाही झाला."

"मग बसा की!"

"स्टूल कुठाय? आठही भरलीत."

सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं. "जावईबापू, उठा जरा."

"बाबा, पण तो वाडगा माझा..."

"तुम्ही घरचेच आहात. तुमचं काय, होईल नंतर."

आचारी जावयाच्या स्टुलावर बसला, जावयाचा वाडगा पुढे ओढला. "हं, करा सुरुवात," सासरे म्हणाले, आणि पाच तोंडांनी एकदम नूडल्स ओढल्या. जावई पाचांमागे उभा राहून सासूबाईंची पर्स सांभाळत होता. घरी गेल्यावर त्यानं सकाळचा गार भात खाल्ला, तोही उभ्यानंच.

पुढच्या बुधवारी "दुकानात मोजदाद आहे" अशी थाप मारून तो एकटा सटकला. स्टूल मिळालं. कढत वाडगा समोर आला. जावयानं डोळे मिटून वास घेतला, काड्या उचलल्या.

आचाऱ्यानं झारा फळीवर आपटला.

"थांबा! सगळ्यांचं येऊ द्या."

जावयानं फळीवर नजर टाकली. पाच अनोळखी माणसं हात मांडीवर ठेवून आपापल्या वाडग्याकडे बघत बसली होती. कडेच्या दोघांचं काय घ्यायचं तेच अजून ठरत नव्हतं.