सरांचा डावा गुडघा

लेसरचं टोक डाव्या गुडघ्याला टेकलं, तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं की आपला दुखतो तो उजवा.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना लगेच. तुमचं काय जातंय म्हणायला! चूक सरांची स्वतःची होती. "कुठला गुडघा, सर?" असं डॉक्टरीणबाईंनी समोरच्या स्टुलावर बसून, मशीनच्या वायरचा गुंता सोडवता सोडवता विचारलं होतं, आणि सरांनी उजव्या मांडीवर थाप मारून खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "डावा." सरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली. कवायतीचा मास्तर पोरांकडे तोंड करून उभा राहतो. तोंडाने म्हणतो डावा हात वर, आणि स्वतः उचलतो उजवा, म्हणजे पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. इतकी वर्षं हेच केल्यावर दुसरं काय होणार? समोर माणूस बसला की सरांचा उजवा आपोआप डावा व्हायचा. घरी बायकोला त्याची सवय होती. त्यांनी डावीकडचं कपाट म्हटलं की ती मुकाट्याने उजवीकडचं उघडायची.

ही डॉक्टरीणबाई म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत सगळ्यांत बुटकी, म्हणून कवायतीत कायम पहिल्या रांगेत, आणि म्हणूनच सरांनी तिचं नाव ठेवलं होतं पिटुकली. आता तिच्या अंगावर पांढरा कोट होता, दारावर नावाची पाटी होती आणि हाताखाली माणसं होती. लेसरच्या प्रकाशाने दुखणं कमी होतं का, थकलेले स्नायू लवकर सावरतात का, यावर ती संशोधन करत होती. त्यासाठी तिला गुडघे हवे होते. सरांनी आपला दिला. म्हणजे, चुकीचा दिला.

त्या पहिल्या दिवशी सर तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात, सर. अर्धे लोक मधेच सोडून गेले. आता एक जरी कमी झाला ना, तरी माझं सगळं काम वर्षभर मागे जाईल."

झालं. सरांच्या तोंडाला कुलूप लागलं. पोरीचं वर्ष वाया घालवायचं, तेही आपल्याला डावं-उजवं कळत नाही म्हणून? कवायतीच्या मास्तराने ही कबुली द्यायची तरी कोणत्या तोंडाने? दोघांनी डोळ्यांवर काळे चष्मे चढवले. तो प्रकाश काही डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सर उगाच छताकडे बघत बसले आणि विचारल्यावर म्हणाले, "छान ऊब लागतेय गं."

पुढच्या वेळी पंचाईत वाढली. डावा गुडघा दुखतो म्हटल्यावर डाव्या पायानेच लंगडायला हवं. पण डाव्याने लंगडायचं म्हणजे अंगाचा सगळा भार उजव्यावर, आणि दुखत तर तोच होता. दवाखान्यातून घरी येईपर्यंत सरांचा जीव मेटाकुटीला यायचा. बायको शेक देता देता म्हणायची, उपचाराने माणूस बरा होतो असं ऐकलं होतं, तुमचं काहीतरी उलटंच चाललंय. सर म्हणायचे, संशोधन आहे ते, वेळ लागतो.

त्यात दर वेळी पिटुकली विचारायची, दुखणं दहापैकी किती? पहिल्यांदा सरांनी उजवा आठवून सात सांगितलं. मग त्यांच्या मनात आलं, पोरीने एवढी मेहनत घेतलीय, निकाल चांगला लागायला नको? ते सहावर आले, मग पाचावर, पुढे तर तीनावर. शाळेत काठावरच्या पोरांना ते असेच हात सैल सोडून मार्क द्यायचे. इकडे डाव्याचं दुखणं तोंडी उतरत होतं आणि तिकडे उजव्याचं खरोखरच चढत होतं.

एवढं होऊन सरांनी जायचं थांबवलं का? नाव नको. जायच्या दिवशी ते सकाळपासून तयार. पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करायचे, बूट पॉलिश करायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं, कोणी त्यांची वाट बघत नव्हतं. त्या खोलीत मात्र गुडघ्यावर लेसर धरून पिटुकली गप्पांत शाळेत शिरायची, ती बाहेर यायचं नाव घेत नसे. मागचं मैदान, कडेचा तो वाकडा पाण्याचा नळ, स्पर्धेच्या दिवशी फक्कीने आखलेल्या रेघा आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून उड्या मारत चालणारे हेडमास्तर. एकदा रस्सीखेचीत मधोमध दोर तुटला आणि दोन्ही वर्ग पालथे पडले होते. तेव्हा जिंकलं कोण, यावर दोघांचं अजून एकमत होत नव्हतं. ढोलाच्या ठेक्यावर सगळी शाळा एका पावलाने चालायची, तो आवाज सरांना आजही झोपेतून उठवी. ते दिवस फार चांगले होते. सर हे मनात म्हणत नसत, मोठ्याने म्हणत, आणि पिटुकली मान हलवायची.

शेवटचा दिवस उजाडला. मशीन बाजूला ठेवून पिटुकली म्हणाली, आज जरा जिना चढून दाखवा. डाव्याने लंगडत, उजव्यावर भार टाकत सर निघाले खरे, पण मधल्या वळणावर उजव्या गुडघ्याने साफ नकार दिला. सर मटकन पायरीवर बसले. पिटुकली धावत वर आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. शेजारी बसली म्हणून की काय, या वेळी तोंडातून बरोबर निघालं.

"उजवा," सर म्हणाले. "दुखतो तो उजवा. पहिल्या दिवसापासून. तुझ्या एवढ्या कामाचं मी वाटोळं केलं गं."

आता ही रडणार, असं त्यांना वाटलं. ती रडली नाही.

"मला माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"माझ्या खोलीच्या खिडकीतून फाटक दिसतं. फाटकापर्यंत तुम्ही उजव्या पायाने लंगडत येता. तिथे थांबून शर्ट सारखा करता, आणि मग आत येता ते डाव्याने."

हे तिने दुसऱ्याच आठवड्यात पाहिलं होतं. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगून तिने सरांना संशोधनातून काढलं, त्यांच्या जागी दुसरं माणूसही मिळालं. काम सुरळीत पार पडलं होतं. सरांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना जरा रागच आला.

"मग इतके दिवस मला कशाला बोलवत होतीस?"

पिटुकली खालच्या पायरीकडे बघत राहिली. "तुम्ही चुकलात, हे तुम्हाला सांगायला जीभच रेटेना. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. मग तुम्ही आलात, गप्पा झाल्या, राहून गेलं. नंतर तर सांगावंसंच वाटेना. इथे मला सगळे मॅडम म्हणतात, सर. पिटुकले म्हणणारं आता कोणी राहिलं नाही."

सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला, तसा तो स्वच्छच होता.

"आणि मशीन?" त्यांनी विचारलं.

"तेव्हापासून बंदच होतं. मी नुसतं टोक टेकवायचे."

छान ऊब लागतेय, असं आपण परवाच किती तोंड भरून सांगितलं ते सरांना आठवलं. ते कानापर्यंत लाल झाले. पिटुकलीने ओठ दाबून धरले होते, पण तिला काही जमलं नाही, आणि मग सरांनाही जमलं नाही. जिन्यावरून खाली जाणारी नर्स या दोघांना वळसा घालून गेली.

हसणं ओसरल्यावर पिटुकलीने डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंच्या आवाजात सांगितलं की पुढच्या वेळेपासून उजवा गुडघा, मशीन चालू करून, नीट उपचार. संशोधन वगैरे काही नाही. सरांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मग त्यांचा चेहरा उतरला. ते गुडघ्यावर हात फिरवू लागले.

"आणि तो बरा झाला की?" त्यांनी हळूच विचारलं.

"खांदे आहेत की, सर," पिटुकली म्हणाली. "तेही दोन."