ताकातला चिवडा

आमच्या शेजारचे खैरनारकाका चिवडा ताकात भिजवून खातात. नाशकात राहून हे करायला धाडस लागतं. पापड ते वरणात बुडवतात आणि शेव जिभेवर मऊ होईपर्यंत तोंड मिटून बसतात. कारण विचारलं, तर उत्तर एकच: "तोंडात आवाज नको. आवाज झाला का नजर हालती."

काका मूळचे चांदवडचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. सोसायटीत त्यांची भरपूर थट्टा चालते. लिफ्टमध्ये मजल्याचा लाल आकडा समोर असतो, म्हणून तिथे ते स्वतः गुणगुणत नाहीत आणि दुसऱ्यालाही गुणगुणू देत नाहीत. एका लग्नात वधूवरांची नावं लुकलुकत्या पाटीवर लावली होती, तर काका पाटीकडे पाठ करून जेवले. यजमानांना वाटलं, रुसले.

हसणाऱ्यांत मीही होते. मग एका सकाळी ते दारात आले आणि हळूच म्हणाले, "वैशाली, माझ्यासंगं डोळ्याच्या डॉक्टरकडं येशील? काकूला बोलू नको."

रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीला मुलीने लाल आकड्यांचं घड्याळ आणलं होतं. त्यासमोर बसून काका चिवडा चावत होते आणि एकाएकी आकडे पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. भिंत जागच्या जागी, खिडकी जागच्या जागी, हलत होते ते फक्त आकडे. घास थांबला की तेही थांबायचे.

"तुझ्या काकूचंबी असंच चालू झालं," काका म्हणाले. "आधी अक्षरं हालायची. मंग हळूहळू सगळा अंधार. आता माझीबी नजर गेली, तर तिला बघणार कोण? पोरगी लय लांब हाय."

इतके दिवस आम्ही ज्याला हसत होतो, ती या माणसाची भीती होती.

दवाखान्यात रुग्णांचे नंबर दाखवणारा लाल बोर्ड होता. भीतीने काकांचे दात वाजत होते. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि माझं मनगट गच्च धरलं.

"हालतंय," ते पुटपुटले. "आता तर खातबी नाय मी काही."

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तपासलं. पडदा ठीक, नस ठीक, चष्म्याचा नंबरही तोच. काकांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी चिवड्याचं सगळं सांगितलं. बाईंनी आपल्या चहासोबतचा टोस्ट उचलला, बाहेर येऊन बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि तो करकर चावला.

"मलाही हलताना दिसतंय," त्या म्हणाल्या. "कडक चावलं की कवटी हादरते आणि तिच्याबरोबर डोळाही. एरवी ते जाणवत नाही. पण हे आकडे आपल्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, म्हणून ती थरथर त्यांच्यात दिसते. दात वाजले तरी तेच. ओठ मिटून 'ब्र्र्र' करून बघा."

मग डॉक्टरबाई, मी आणि खैरनारकाका ओळीने उभे राहून तान्ह्या बाळांसारखं ब्र्र्र करत राहिलो. आकडे तिघांनाही डुलताना दिसले. डोळ्यांत औषध घालून बसलेली मंडळी आमच्याकडे नुसती बघत होती.

घरी आलो तर काकू दारातच उभ्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

काका चपला काढता काढता थबकले. "डोळे चांगले हायेत. पण तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगाया कशाला पाहिजे?" काकू माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या. "हे रोज दुपारी मी झोपले असं समजून डोळे मिटून गॅस पेटवायला शिकायचे. उद्या दोघांनाबी दिसलं नाय, तर चहा तरी करता यावा म्हणून. ते चाचपडणं मी ओळखत नाय का? भडका उडंल म्हणून मी पलंगावर जीव मुठीत धरून पडायची."

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"यांना साखर चालत नाय, यांचा चहा बिनसाखरेचा. माझ्या कपात मात्र मिटल्या डोळ्यांनी कधी साखर पडायची, कधी मीठ."

"मीठ?" काका मटकन खुर्चीत बसले. "मंग पीत कशाला होतीस?"

"टाकून दिला असता, तर तुम्ही आणखी घाबरला असता," काकू म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत लावत त्यांच्या खांद्यापर्यंत आल्या.